सिद्रामकाकांची पाटी

सिद्रामकाका अक्षर काढताना श्वास रोखून धरत. खडू लावलेल्या दोरीनं पाटीवर सरळ रेघ मारायची, अक्षर पुरं करायचं आणि मगच श्वास सोडायचा. जळकोटला हायवेवरच्या ढाब्यांच्या, गॅरेजच्या किती पाट्या त्यांनी अशा लिहिल्या! एक थेंब ओघळला की अख्खी पाटी पुसून टाकत. घरातही तोच खाक्या. काकूंची रांगोळी जरा तिरकी गेली की म्हणत, "डोळं हायती का बटनं?" मी शेजारीण आणि शाळेत चित्रकला शिकवणारी, त्यामुळे माझ्याही रेघा ते तपासत.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात थरथरत राहिला. दुकानावर 'सिद्राम पेंटर' अशी पाटी होती. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी त्यातला 'पेंटर' पॉलिश पेपरनं घासून काढला. "खोटं कशाला लटकवायचं, बाई?" म्हणाले.

वर्षभर त्यांनी रंगाला हात लावला नाही. एका दुपारी मी कैऱ्या द्यायला गेले, तर काका एका पत्र्याला पांढरा रंग देत होते. गंजतोय म्हणून काकूंनी मागं लागून बसवलं होतं. हात थरथरला आणि शेजारचा निळ्याचा डबा ओल्या पांढऱ्यावर कलंडला, पाठोपाठ टर्पेंटाईनची बाटलीही. मी फडकं उचललं.

"थांबा," ते म्हणाले. "बघू कुठं जातंय."

त्यांनी पत्रा एका बाजूनं उचलला. निळा पांढऱ्यात शिरला, फाकला, त्यात कडी उमटली, कड्यांच्या आत आणखी बारीक कडी. इतकी वर्षं चित्रकला शिकवतेय, पण असं काही माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

"ह्ये कुणी काढलं, बाई?"

"तुम्हीच की."

"न्हाय. म्या फकस्त आडवा न्हाय आलो."

त्यानंतर रोज एक पत्रा. मी एकदा म्हटलं, "कालच्यासारखं काढा ना." तर म्हणाले, "काल गेलं की! आज रंग आजच्यावानी पळतोय." काकूंच्या तिरक्या रांगोळीलाही "लई झ्याक" म्हणू लागले. काकू आधी घाबरूनच गेल्या.

गेल्या थंडीत त्यांनी मला स्टूल धरायला बोलावलं. पाटीवर 'पेंटर' परत लिहायचं होतं.

"काका, मी लिहिते. माझा हात थरथरत नाही."

"तुमचं अक्षर सुरेख हाय, बाई. पण पेंटर म्या हाय."

एकेक अक्षर कापत उतरलं. काका मात्र आरामात श्वास घेत होते, मधेच गप्पाही मारत होते. शेवटच्या अक्षरातून एक ओघळ निघाला. माझा हात फडक्याकडे गेला, आणि मी ते पाठीमागं लपवलं. ओघळ पाटीच्या खालच्या काठाशी येऊन थांबेपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.

पंधरा दिवसांनी काका गेले. दिवसकार्य झाल्यावर एक पाहुणे म्हणाले, पाटीवरची अक्षरं फार वाकडी दिसतात, छान फ्लेक्स करून लावू.

काकूंनी मान वर केली. "हात लावायचा न्हाय. पेंटरनं लिव्हलंय त्ये."