ट्रायक्लो की साबणाचं पाणी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी डोंबिवलीहून ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात तपासनीस म्हणून जायचे. निकेल चढवण्याआधी स्टीलच्या पार्टवरचं तेल पार काढावं लागे. त्यासाठी आम्ही ट्रायक्लो नावाचं रसायन वापरायचो. तेल झटकन निघायचं, पण वाफ थेट डोक्यात जायची. त्यात मला तिसरा महिना लागलेला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "एक तर तो वास सोडा, नाही तर नोकरी." नोकरी मला सोडायची नव्हती. कारखान्यात मी अवाक्षर काढलं नव्हतं.

तेवढ्यात शेठनी अल्ट्रासॉनिकची टाकी आणली. तिच्यात आवाजाच्या लहरींनी बारीक बुडबुडे फुटायचे आणि खाचाखोचांतलं तेलही सुटायचं. आता टाकीत ट्रायक्लो भरायचं की गरम साबणाचं पाणी, एवढंच ठरायचं होतं. शेठचा कल ट्रायक्लोकडे. "पाण्याने कधी तेल जातं का? ह्या!" म्हणायचे. मी साबणासाठी देव पाण्यात घालून बसले होते.

चाचणी सोपी होती. धुतलेल्या पार्टवर स्वच्छ पाणी ओतायचं. ते अखंड पसरलं तर पार्ट साफ, मध्येच फाटलं तर तिथे तेल उरलंय.

नवरात्राचे दिवस. शेठ टेंभी नाक्याच्या देवीचं दर्शन घेऊन आले, सगळ्यांना हाताने प्रसादाचा शिरा वाटला आणि तसेच चाचणीला उभे राहिले. ट्रायक्लोतला पार्ट मी चिमट्याने धरला. पास. साबणातला मात्र शेठनी स्वतःच उचलला. पाणी मधोमध फाटलं.

"बघ, मी बोललेलो ना!"

मी वाकून नीट पाहिलं, तर फाटलेली जागा हुबेहूब अंगठ्याएवढी.

"अहो शेठ, हे मशीनचं तेल नाही, देवीचं तूप आहे!"

शेठनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. पुढचे पार्ट मी चिमट्याने उचलले. एकावरही पाणी फाटलं नाही.

साबण ठरला. ट्रायक्लोची पिंपं परत जायला टेम्पोत चढताना पाहिली आणि इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी मटकन स्टुलावर बसले. शेठ घाबरले. "काय गं, चक्कर आली का?"

मग सांगूनच टाकलं.

"अगं, मग आधी नाही का बोलायचं?"

"आधी बोलले असते तर तुम्ही ट्रायक्लो बदललं असतं की मला?"

शेठ टेम्पोवाल्याला पिंपं मोजायला सांगू लागले. मला त्याचंही वाईट वाटलं नाही. लेकरू आणि नोकरी, दोन्ही माझीच राहणार होती.