नव्या ब्रेकला स्वस्तिक

परवा कार्बोरेटर पुसलेल्या फडक्यानेच मी जेवणाचं टेबल पुसलं. पोळीला पेट्रोलचा वास लागला, आणि लग्नानंतरच्या त्या रविवारसारखंच मला मळमळलं.

गाडी तीच. जुनी, जपानी. तेव्हा ती कळव्याला सासऱ्यांकडे होती. उभी राहिली की बंद पडायची, ब्रेक उशिरा लागायचे. सुधारली नाही तर भंगारात, असं सासरे म्हणालेले. आमच्या हिचा तर तिच्यात जीव. म्हणून मी पुढच्या चाकांना नवे डिस्क ब्रेक बसवून घेतले आणि कार्बोरेटर स्वतः साफ करायला बसलो. तुंबलेल्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक नळीत, तोंडाने फुंकायचं, ते सोडून मी ओढलं. पेट्रोल थेट घशात.

इंजिन मात्र एका लयीत चालायला लागलं. "जावईबापू, तोंड गोड करा," म्हणत सासऱ्यांनी पेढा भरवला. त्या पेट्रोलमिश्रित खव्याची शिसारी अजून गेलेली नाही.

मग चाकं चढवण्याआधी त्यांनी ब्रेक जिला पकडतो त्या चकचकीत डिस्कवर तेलात कालवलेल्या कुंकवाची स्वस्तिकं काढली. मला दिसत होतं, पण तोंड उघडलं तर शब्दांऐवजी पेढा आला असता.

तेलावर ब्रेक कसला लागतोय? तिघं चक्कर मारायला निघालो आणि सावकाश कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत शिरलो. बॉनेटवर कोळंबीची सालं, काचेवर कालचं कालवण.

"गेली भंगारात," सासरे म्हणाले.

मागच्या सीटवरून ही नाकाला पदर लावून म्हणाली, "बाबा, गाडी राहू दे. भंगारात द्यायचंय ते पुढे बसलंय, दोघंही."