कल्लुकचं नाव

तुलुगालिक बेटावर आता चिटपाखरू नाही, असं बाहेरचे लोक म्हणतात. काहीतरीच! उत्तरेच्या कड्यावर उन्हाळाभर पाखरांचा नुसता कलकलाट असतो. नाही तो माणूस. दक्षिणेच्या वाळूच्या दांड्यावर आमच्या तंबूंच्या दगडांची कडी अजून जागच्या जागी आहेत. वर उतारावर, देवमाशाच्या फासळ्यांवर छपरं घालणाऱ्या फार जुन्या लोकांची घरं ढासळून पडलीत. पूर्वेच्या खाडीत पाण्याला ओढ इतकी की भर हिवाळ्यात बर्फ धरत नाही, म्हणून सील बारा महिने. उपाशी मरावं असं ते बेट नव्हतंच. नकाशावर त्याला कुणा परक्या कप्तानाच्या सासऱ्याचं नाव दिलंय. त्या सासऱ्याने तिथे पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

त्या बेटावरून शेवटी निघाली ती उलायुक.

तिची आई लवकर गेली. धाकटा भाऊ कल्लुक तिच्याच पाठीवर, तिच्याच अंगरख्याच्या टोपीत बसून वाढला. तो सात वर्षांचा आणि ती सतराची, नुकतं लग्न झालेली, त्या ऑगस्टात सरकारी जहाज आलं. सगळ्यांच्या छातीचे एक्सरे काढले आणि कल्लुकला परत खाली उतरूच दिलं नाही. क्षय निघाला होता. दक्षिणेच्या दवाखान्यात नेणार म्हणे.

"ताई, माझी कुत्री कुणाला देऊ नकोस हं!" तो कठड्यावरून ओरडला.

"नाही देत रे! पण लवकर ये, नाहीतर ती तुझ्यावरच भुंकेल."

सगळे हसले. तोही हसला. बापाने त्याच दिवशी सांगून टाकलं, "पोरगं परतेल ते इथेच परतेल. आपण हलायचं नाही."

बाकीची घरं एकेक करून मोठ्या वस्तीला गेली, शाळा आणि दुकान होतं तिकडे. यांचं एकच घर उरलं, आणि बाळंतपणासाठी थांबलेली म्हातारी सुईण, आर्नाकालाक.

एप्रिलमध्ये उलायुकला मुलगा झाला. जन्मला तो रडतच, आणि थांबेचना. दूध घेईना, डोळ्याला डोळा लावीना. आता, रडं न थांबणारं बाळ नाव मागत असतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. गेलेल्या माणसाचं नाव बाळाला मिळालं की तो माणूस घरी येतो. तोवर बिचारा बाहेर थंडीत उभा.

म्हातारीने आजीचं नाव घेऊन पाहिलं, बुडालेल्या काकाचं पाहिलं, एक नाव सोडलं नाही. नवव्या दिवशी ती चाचरत म्हणाली, "एकदा कल्लुक म्हणून बघ गं."

उलायुकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या जिभेला काही हाड, मामी? माझा भाऊ जिवंत आहे!"

"नुसती हाक मारून बघ. तुझं काय जातंय?"

"माझा भाऊ जातोय!"

अकराव्या दिवशी बाळ गप्प झालं. बापाने त्याला उतारावर दगडांखाली ठेवलं.

पुढच्या ऑगस्टात जहाजावर विचारलं, तर म्हणाले, परतणाऱ्यांच्या यादीत नाव नाही. म्हणजे बरा होत असेल अजून, बाप म्हणाला. तो आणखी नऊ ऑगस्ट दांड्यावर उभा राहिला आणि वाट बघतच गेला. मग नवऱ्याने उलायुकला वस्तीला आणलं. तिथे बायका बाळं घेऊन यायच्या, "आता तरी ते नाव दे गं." ती नाक मुरडायची. आमच्यात त्याचा अर्थ, नाही. स्वतःच्या पुढच्या चार मुलांनाही तिने ते दिलं नाही.

सरकारला एक पत्र पाठवायला सत्तावन्न वर्षं लागली. सत्तावन्न! उलायुक वाळवलेला मासा चघळत होती, आणि तिची नात लीटिया वाचून दाखवत होती.

"कल्लुक, वय सात. मृत्यू फेब्रुवारीत."

"कुठल्या फेब्रुवारीत?"

"नेलं ना आजी, त्याच हिवाळ्यात."

उलायुकने बोटं मोजली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. पुन्हा मोजली. हातातला मासा खाली ठेवला.

"आला होता गं तो," ती म्हणाली. "एवढ्या लांबून माझ्याकडेच आला होता. अकरा दिवस घसा फोडून सांगत होता, ताई, मी आलोय. आणि मी त्याला घरात घेतलं नाही."

"आजी, तुला काय माहीत होतं?"

"म्हातारीला कळलं. मला कळू नये?"

त्या ऑगस्टात लीटियाने तिला होडीने बेटावर नेलं. दांड्यावरून वर चढायला तिला अर्धा दिवस लागला. बाळावरचा ढीग लहानसाच होता, दगडांवर नारिंगी दगडफूल चढलं होतं. उलायुक गुडघ्यांवर बसली आणि तिने हाक मारली, "कल्लुक."

मग बराच वेळ ती कान देऊन बसली. लीटियाने खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती दगडांकडे वाकली.

"तुझी कुत्री मी कुणाला दिली नव्हती रे," ती म्हणाली.