चौक्या गप्प झाल्या

घरच्यांना विचाराल तर बाई सरकारी कचेरीत भाषांतर करते. खोटं नाही, पण अर्धंच. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून ती सरहद्दीपलीकडच्या चौक्यांचं वायरलेसवरचं बोलणं ऐकायची, तेही वीस वर्षं. ऐकायचं, लिहायचं, वर पाठवायचं. अर्थ लावणारे वेगळे, निर्णय घेणारे त्याहून वेगळे. आणि घरी चकार शब्द काढायचा नाही! नवरा गेला बिचारा, त्यालाही शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

पलीकडचे जवान म्हणजे महाबडबडे. कुणाची दाढ ठणकतेय, कुणाची सासू भांडकुदळ, सगळं हिला पाठ. त्या मंगळवारी मात्र दहा वाजले, अकरा वाजले, तरी सहाच्या सहा चौक्या चिडीचूप. यंत्र तपासलं, तर ते ठणठणीत. एवढी माणसं एकदम तोंड मिटतात ती वरून हुकूम आला तरच. असं पूर्वी एकदाच झालं होतं, आणि तिसऱ्या दिवशी गोळीबार सुरू झाला होता.

कळवलं, तर आपल्या फौजेच्या रजा रद्द होणार. आणि तिचा लेक, त्याच सरहद्दीवरचा जवान, आठ महिन्यांनी कालच घरी आला होता. उद्यावर ढकललं तर? एकच दिवस! कुणाला कळणार होतं? पण त्याच्या जागी आज पहाऱ्यावर उभं असलेलंही कुणाचं तरी पोरच होतं ना! शेवटी मेलीनं दोन ओळी लिहिल्या आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आली.

संध्याकाळी घरी पोचली तर लेक बॅग भरत होता.

"बघ ना आई, रजा रद्द! कुणा रिकामटेकड्यानं आवई उठवली देव जाणे. सापडला ना, तर कानाखाली जाळ काढीन."

"अरे, पण खरं असेल तर?"

"छे गं! मागच्या दोन्ही वेळा फुसकंच निघालं. चार दिवसांत परत येतो बघ."

त्या दोन्ही बातम्या तिच्या नव्हत्या. तिची बातमी आजवर एकदाही खोटी ठरली नव्हती, आणि त्याचा तिला केवढा तोरा! आज त्याचीच धडकी भरली. लेकाचे मोजे बॅगेत कोंबता कोंबता ती मनात एकच घोकत राहिली, देवा, एवढी एक खोटी ठरू दे रे.