शेतकरी महिलेचं बोट

डाळिंबाच्या खोडांना चुना-मोरचुदाचा लेप लावणाऱ्या बायकांची नखं आठवडाभर निळसर राहतात. वरकुट्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. ज्यांनी आमचं अ‍ॅप बनवलं त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

माझं माहेर वरकुटे, सासर कन्हेरी. बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, तेव्हा बारामतीत एका संशोधन प्रकल्पात काम मिळालं. निधी परदेशातून यायचा. बाईच्या नखांचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि अ‍ॅप रंगावरून सांगणार, अंगात रक्त कमी आहे की नाही. लाल गोल आला तर तिचं रक्त घेऊन तपासायला पाठवायचं. हिरवा आला तर 'सध्या काळजी नाही' असा मेसेज. शहरातल्या बायकांवर ते चालतं हे आधीच ठरलं होतं. उन्हातान्हात राबणाऱ्या बाईलाही ते तितकंच खरं सांगतं का, एवढंच आम्हाला शोधायचं होतं. प्रकल्पाचे समन्वयक, म्हणजे आमचे साहेब, प्रशिक्षणात म्हणाले होते की तंत्रज्ञान सगळ्यांना सारखं लाभलं पाहिजे आणि पुराव्याशिवाय आपण काहीच म्हणायचं नाही. मला ते मनापासून पटलं होतं. आजही पटतं, म्हणून तर जास्त राग येतो.

पहिल्याच आठवड्यात कळलं की अ‍ॅपला आमच्या बायकांची बोटं चालत नाहीत. कुणाच्या नखात माती, कुणाची मेंदी, कुणाची नखं उसाच्या पाचटानं चिरलेली. 'फोटो स्पष्ट नाही, पुन्हा प्रयत्न करा.' बायका लिंबानं हात घासून यायच्या, परत तेच. मी फॉर्मवर इमानदारीत 'फोटो घेता आला नाही' असं लिहीत गेले. महिनाअखेरीस साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की बाकीच्या मुलींचे फॉर्म पूर्ण येतात, तुमचेच अर्धे का. माझं तोंड एवढंसं झालं. बाहेर आल्यावर एका जुन्या कार्यकर्तीनं माझा हात धरून नखं पाहिली आणि हसत म्हणाली, एवढी छान बोटं घेऊन फिरतेस आणि रडतेस कशाला.

मग मीही शिकले. बाईचा फोटो तीनदा नाकारला की चौथ्यांदा आपलं बोट. लगेच हिरवा गोल. माझे फॉर्म भराभर पूर्ण व्हायला लागले, साहेब कौतुक करायला लागले. अ‍ॅप ज्या बोटांना नाकारत होतं तेच आमच्या संशोधनाचं उत्तर होतं, आणि आम्ही पोरी ते रोज आपल्याच हातानं पुसत होतो. तेव्हा मला हे कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. कळत होतं.

वरकुट्यात माझ्या चुलतभावाचं घर आहे. वहिनी तेव्हा चाळिशीच्या आसपास होत्या. महिन्याची अडचण पंधरा-पंधरा दिवस थांबत नव्हती, विहिरीपासून घरापर्यंत येताना दम लागायचा. त्यांना इंदापूरला डॉक्टरांकडे जायचं होतं. पण बागेत बहार धरलेला, घरात माणूस कमी. दादा म्हणाला, आता आपल्या पोरीचंच मशीन येतंय गावात, ते काय म्हणतंय ते बघू आधी. म्हणजे वहिनींचं जाणं न जाणं माझ्या मोबाईलवर येऊन ठेपलं होतं, आणि हे मला दादानंच सांगितलं होतं.

मी गेले तेव्हा त्या नुकत्याच बागेतून आल्या होत्या. नखं निळी. दोनदा साबणानं, एकदा राखेनं हात धुतले. सहा वेळा फोटो काढला, सहाही वेळा नाकारला. ऊन उतरलं होतं, अजून दोन घरं व्हायची होती आणि मला कन्हेरी गाठायची होती. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी पदराआड हात केला आणि स्वतःच्या बोटाचा फोटो काढला. मनात म्हटलं, पुढच्या आठवड्यात नखं निवळली की परत येऊ. दादाच्या मोबाईलवर मेसेज वाजला. त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाला, बघ, उगं कुरकुरत होतीस.

पुढच्या आठवड्यात मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फॉर्म पूर्ण झाला होता ना.

महिन्याभरानं वहिनी बागेत कोसळल्या. इंदापूरहून बारामतीला आणलं, रक्ताच्या बाटल्या लावल्या. डॉक्टरीणबाईंनी दादाला फैलावर घेतलं की अंगातलं रक्त संपेपर्यंत काय करत होतात. दादानं खिशातून मोबाईल काढून तो मेसेज दाखवला. त्या बाईंनी तो वाचला आणि परत दिला. मी शेजारी उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. दार लोटून घेतलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "एका फॉर्मनं निष्कर्ष बदलत नाही. पण तुम्ही हे लेखी दिलंत तर पुढचा टप्पा थांबेल. मग या बायकांसाठी कोण येणार आहे?" शेवटच्या वाक्यावर मी लेखी द्यायचं सोडून दिलं. एवढा चांगुलपणाचा आव मी आयुष्यात दुसरीकडे पाहिलेला नाही, आणि मी त्याला भुलले, कारण भुलणं माझ्याही सोयीचं होतं.

समारोपाला निधी देणारे पाहुणे आले. पडद्यावर निष्कर्ष झळकला की शेतकरी महिलांमध्येही अ‍ॅप तितकंच उपयुक्त आहे, हातांच्या स्थितीचा अडथळा आढळला नाही. शेजारी नमुना म्हणून एका शेतकरी महिलेच्या बोटाचा भलामोठा फोटो होता. नखाच्या कडेला विळीनं कापल्याची जुनी खूण. ते बोट माझं होतं. टाळ्या वाजल्या, आणि लाज वाटायला हवी, मीही वाजवल्या.

त्याच आठवड्यात मी काम सोडलं आणि जिथे जिथे मी माझं बोट लावलं होतं ती, आठवत होती तेवढी सगळी घरं लिहून निधी देणाऱ्यांना पाठवली. पोच आली. उत्तर अजून आलेलं नाही.

मग वरकुट्याला गेले. वहिनी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या, चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. वाटेत दहा वेळा घोकलेलं मी एका दमात सांगून टाकलं. त्यांचं निवडणं थांबलं नाही.

"म्या बघितलं व्हतं, वन्सं," त्या म्हणाल्या. "दारातनं दिसत व्हतं. मला वाटलं चालत आसंल. रेशनला माझा अंगठा उठत न्हाय, तवा पोरीचा लावत्यात. धान्य माझ्या वाट्याचंच मिळतंय की."

मी म्हटलं, "वैनी, हितं तसं नव्हतं. त्यानं माझं रक्त बघितलं, तुमचं न्हाय."

त्यांचा हात थांबला. आता तरी शिवी देतील, असं मला वाटलं. द्यावी, असंही वाटलं.

"मग तुमचं तरी बरं हाय न्हवं?" त्यांनी काळजीनं विचारलं.

मी मान हलवली आणि मेथीची जुडी पुढ्यात ओढली.