रिकामं दाखवणारा काटा

मानवतचे आमचे म्हातारे मेकॅनिक गाडीचं दुखणं कानानं तपासतात. परवा माझ्या जुन्या मोटारीच्या टाकीत तरंगणारा फ्लोट काढून त्यांनी कानाशी हलवला आणि आत पेट्रोल शिरून खुळखुळतं का ते डोळे मिटून ऐकत राहिले. चिंचेच्या सावलीत माझेही डोळे मिटायला लागले.

"टाकीत पेट्रोल असलं तरी काटा रिकामं दाखवतो," मी कुरकुरले.

"काटा आधीच खाली यावा म्हणून फ्लोटची तार मीच वाकवलेली हाय, ताई. तरुणपणी तुमी पेट्रोल संपून झरीच्या रस्त्याला दोनदा अडकला, तवाच."

खरंय. काटा तळाला टेकला तरी गाडी आपल्या रुबाबावर चालते, असं तेव्हाच्या माझ्यातल्या भवानीला वाटायचं.

"आता सरळ करा. शहाणी झालेय मी."

त्यांनी वाकलेली तार बोटानं चाचपली.

"पेट्रोलचा डबा घेऊन सायकलवर यायला आता माजे गुडघे ऱ्हायले न्हाईत," ते म्हणाले आणि फ्लोट तसाच आत बसवला.