पाचरची पेटी

सकाळपासून कितव्यांदा तरी मिस्त्री पाचरला घेऊन जिना उतरले. लिफ्ट होती, पण पाचर लिफ्टला घाबरायची आणि खरं सांगायचं तर मिस्त्रीही. खाली हिरवंगार गवत होतं, झाडं होती, दिव्याचे खांब होते. कुठल्याही शहाण्या कुत्र्याला हवं ते सगळं होतं. पाचरने गवत हुंगलं, झाड हुंगलं, खांबाकडे तर बघितलंही नाही. मग ती मिस्त्रींच्या पायाशी येऊन त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"कर ग बाई," मिस्त्री म्हणाले. "कुणी बघत नाही. हे बघ, मी पाठ करतो."

ते खरोखरच पाठ करून उभे राहिले. हा म्हातारा भिंतीकडे तोंड करून का उभा आहे, म्हणून एक बाई सायकल थांबवून बघू लागली. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही. लाजलज्जा त्यांनी विमानतळावरच सोडली होती.

गोष्ट हसण्यासारखी वाटते, पण नव्हती. पाचरने गावाहून परदेशी मुलाकडे निघायच्या दिवशी सकाळी, मिस्त्रींच्या सुतारकामाच्या कारखान्यात, शेवटची लघवी केली होती. त्यानंतर एक विमान, दुसरं विमान, मुलाची गाडी आणि काल संध्याकाळपासून हे घर. थेंब नाही. पाणी मात्र पीत होती. पोट खालून टणक झालं होतं, हात लावला की अंग चोरायची. सुनेने सकाळीच जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला होता. दुपारपर्यंत झालं नाही तर घेऊन या, गुंगी देऊन नळी घालावी लागेल, आणखी थांबलात तर आतून काहीतरी फुटेल, असं डॉक्टरने सांगितलं. गुंगीचं नाव निघताच मिस्त्रींनी पाचरला पुन्हा जिन्याकडे नेलं. कारण निघण्यापूर्वी तिकडच्या डॉक्टरने बजावलं होतं, हिचं हृदय म्हातारं झालंय, गुंगी दिलीत तर उठेलच याची खात्री नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मुलगा दुपारी कामावरून गाडी घेऊन येणार होता, तिला दवाखान्यात न्यायला.

मिस्त्रींचं खरं नाव त्यांच्या मुलालाही क्षणभर आठवावं लागायचं. बायकोसुद्धा "अहो मिस्त्री" अशीच हाक मारायची. लहानपणी काकाच्या हाताखाली पटाशीला धार लावायला बसले ते म्हातारपणीच उठले. अर्ध्या गावाच्या दारांना त्यांचा हात लागलेला. "माझी दारं कुरकुरत नाहीत, आतली माणसं कुरकुरतात," असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचे. बायको गेली त्या वर्षी एक मरतुकडं पिल्लू कारखान्याच्या दारामागच्या फटीत घुसून बसलं. ओढलं तरी निघेना. पाचर ठोकल्यासारखं बसलंय म्हणाले आणि तेच नाव पडलं.

कारखान्यासमोरून ट्रक धावायचे, म्हणून पाचरला रस्त्यावर कधी सोडलीच नाही. मागच्या कोपऱ्यात फळ्या टेकवलेल्या असत, त्यांच्या आडोशाला भुशाचा ढीग. तिथेच ती लघवीला बसायची. मिस्त्री रोज ओला भुसा काढून करवतीखालचा ताजा टाकायचे. "आमच्या पाचरने आजवर रस्ता घाण केला नाही," हे ते इतक्या वेळा सांगत की लोक त्यांना बघून रस्ता बदलत.

मुलगा गेली काही वर्षं मागे लागला होता, एकटे राहू नका, इकडे या. मिस्त्रींनी शेवटी दोन अटी घातल्या. पाचर बरोबर येणार, आणि जमलं नाही तर परत जाणार. मग प्रवासासाठी पाचरची पेटी स्वतःच्या हाताने केली. आयुष्यभरातले उरलेसुरले सागवानी तुकडे जोडून, खिळे कमी आणि खाचा जास्त. फोनवर फोटो बघून मुलगा म्हणाला होता, "बाबा, कुत्र्यासाठी पेटी करताय की लेकीला रुखवतात कपाट?"

काल घरात आल्या आल्या तो म्हणाला, "ही पेटी उद्या खाली टाकून येतो. अख्खी खोली खातेय."

"हात लावायचा नाही," मिस्त्री म्हणाले. "परत जाताना लागेल."

मुलाचा चेहरा पडला. सुनेने मुकाट्याने पेटी बाल्कनीत सरकवली आणि वर एक चादर घातली.

आता मिस्त्री वर आले तेव्हा सून दारातच उभी होती. त्यांचा चेहरा बघून तिने विचारायचं टाळलं. पाचर कशीबशी आत आली आणि फरशीवर आडवी झाली. तिला धाप लागली होती.

"बाबा, तिकडे ती कुठे बसायची?" सुनेने विचारलं.

"भुशावर," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, भुशावर! दुसरीकडे कुठे बसायचं असतं हे तिला माहीतच नाही. मीच शिकवलं नाही."

सून चपला अडकवून धावत गेली. कोपऱ्यावरच्या दुकानात ससे-उंदरांसाठी भुशाची पाकिटं मिळतात, तिने बघितली होती. ती धापा टाकत पाकीट घेऊन आली, न्हाणीघरात ओतलं. पाचरला उचलून त्यावर उभी केली. पाचरने हुंगलं, सटासट शिंकली आणि बाहेर आली.

मिस्त्रींनी मूठभर भुसा नाकाशी नेला. "याला अत्तर लावलंय ग पोरी. हा भुसा नाही, नवरदेव आहे."

दोघांनाही हसू आलं नाही. सुनेने घड्याळाकडे बघितलं आणि जेवणाच्या टेबलावर हात मारला. "हे कापा, बाबा."

"घरमालकाचं आहे ना?"

"त्याचं मी बघते. कापा."

मिस्त्रींनी खाली वाकून टेबलाची कड नखाने खरवडली. वरून लाकूड, आतून सगळा गोंदात दाबलेला भुगा. पलंग तसाच, कपाट तसंच. अख्ख्या घरात झाडापासून आलेली एक फळी नव्हती. मग दोघांची नजर एकदमच बाल्कनीतल्या चादरीकडे गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं सुनेला वाटलं.

मिस्त्रींना तसं वाटलं नाही. त्यांना पेटी मघाशीच सुचली होती. सुचली होती म्हणूनच ते पाकिटाच्या आशेवर बसले होते. पेट्या विकतही मिळतात हे त्यांना कळत होतं. पण विकतची पेटी आणायची तर आधी परत जायचं ठरवावं लागतं, मुलाला तोंडावर सांगावं लागतं. ही पेटी बाल्कनीत होती तोवर काहीच ठरवायचं नव्हतं. रात्री त्या परक्या खोलीत डोळा लागला तो तिच्याच भरवशावर.

पाचर कण्हली. आवाज बारीक होता, पण तसा तिने कधी काढला नव्हता.

मिस्त्री उठले. बॅगेच्या तळाशी जुन्या लुंगीत गुंडाळलेली करवत त्यांनी बाहेर काढली. हत्यारं आणू नका, इथे कशाला हात लावायची वेळ येणार नाही, असं मुलाने दहादा बजावलं होतं. सुनेने करवत बघितली आणि पुढे होऊन चादर ओढली.

आधी त्यांनी पेटीचं दार उतरवलं आणि कापायला घेतलं. एका कापातून जेमतेम चिमूटभर भुसा पडत होता. त्यांनी पुन्हा कापलं, लगेच शेजारी पुन्हा. हाताला सवय होती, पण दमाला राहिली नव्हती. सून फळी दाबून धरत होती. फोन वाजला. मुलगा निघाला होता.

"मी करू का थोडं?" सुनेने विचारलं.

"बोट जाईल. धरून ठेव."

दार संपलं, बाजूची फळी लावली. करवतीच्या आवाजाने पाचरने मान उचलली होती. आता ती उठली, पाय ओढत बाल्कनीत आली. पेटीच्या भुशात तिने नाक खुपसलं आणि तिची शेपटी एकदा हलली. ती गोल फिरली, परत फिरली, बसल्यासारखं केलं. आणि उठून आत निघून गेली.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता काय, बाबा?"

मिस्त्री करवत हातात धरून उभे राहिले. त्यांना वाटलं, संपलं. पेटीही गेली आणि पाचरही जाणार. आपल्या हट्टापायी म्हाताऱ्या जनावराला समुद्रापलीकडे ओढून आणलं, तिला विचारलं कुणी होतं? मग त्यांना कारखान्याचा मागचा कोपरा आठवला.

"आडोसा नाही," ते म्हणाले. "उघड्यावर ती कशी बसेल?"

त्यांनी भुसा हाताने कोपऱ्यात लोटला. पेटीची उरलेली तळाची फळी, जिच्यावर पाचर सगळा प्रवास झोपून आली होती, ती भिंतीला तिरकी टेकवली. पाचरला उचलून आणून फळीमागे सोडलं. मग त्यांनी पाठ केली. सुनेनेही केली. सासरा आणि सून रस्त्याकडे तोंड करून, कठडा धरून उभे राहिले.

बराच वेळ नुसता नखांचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

आणि मग सुरू झालं. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. सून तोंडावर हात दाबून हसत होती आणि रडतही होती. मिस्त्रींनी कठडा सोडला नाही. बायको गेली तेव्हा गिऱ्हाइकांच्या घोळक्यात ते रडले नव्हते. आता रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी लोकांसमोर हुंदके देत रडले.

मुलगा गाडीची किल्ली हातात घेऊन धावतच आत आला. पाचर सोफ्याखाली पाय ताणून घोरत होती. बाल्कनीत लाकडाचे तुकडे पडले होते.

"पेटी?" तो म्हणाला. "बाबा, पेटी का कापलीत? परत जाताना..." आणि तो मध्येच थांबला.

मिस्त्री खाली बसून तुकडे निवडत होते, कापायला येतील ते एका बाजूला, बारके दुसऱ्या बाजूला. त्यांनी वर बघितलं नाही.

"ही पेटी आठवडाभर पुरेल तिला," ते म्हणाले. "पुढचं काय? लाकडाची वखार शोधून ठेव."